वरची पायरी

जिना अजून उभा होता. घराच्या खिडक्यांवर फळ्या ठोकल्या होत्या, पुढच्या दाराला केशरी पट्टी बांधली होती, अंगणातल्या मेपलच्या बुंध्यावर कुणीतरी रंगाची फुली मारून ठेवली होती. पण मागच्या अंगाने बाहेरून वरच्या मजल्यावर जाणारा लाकडी जिना होता तसाच होता. कठड्याचा मळकट हिरवा रंग तोच. त्यावर हात ठेवला की तळव्याला लागणारा ओल्या लाकडाचा वास तोच. मी तळवा नाकाशी धरून खाली उभी राहिले. माझ्या वयाची बाई स्टेट कॉलेज नावाच्या गावातल्या एका पडायला आलेल्या घरामागे स्वतःचा हात हुंगत उभी आहे, हे कुणी पाहिलं असतं तर पोलिसांनाच बोलावलं असतं.

घर पाडणार असल्याचं मंदारने फोनवर सांगितलं. मंदार आमचा विद्यार्थीदशेपासूनचा मित्र. शिकायला आला आणि याच गावात राहून गेला. त्या जागी आता विद्यार्थ्यांसाठी उंच इमारत होणार आहे. बघायचं असेल तर याच महिन्यात ये, म्हणाला. मी बसचं तिकीट बघत होते तेवढ्यात माझी लेक सना म्हणाली, "आई, बस कॅन्सल कर. मी ड्राइव्ह करते." जर्सी सिटीपासून इथवरचा रस्ता लांबचा आणि डोंगरातला. गाडीतून मला कुठे पळता येणार नाही, हे तिने बरोबर हेरलं होतं. तिला माझ्याकडून एक उत्तर हवं होतं. वाटेत तिने प्रश्न दोनदा विचारला आणि दोन्ही वेळा मी खिडकीबाहेरची मक्याची शेतं बघत बसले.

प्रश्न एका खुर्चीचा आहे. सनाचं पुढच्या महिन्यात लग्न आहे. मुलगा दानिश, इकडच्याच प्लेनो शहरात वाढलेला, मनाने सरळ. निकाहच्या वेळी मुलीच्या बाजूला तिचे वडील बसतात. सनाचे वडील म्हणजे माझा नवरा, यासीन. तो मागच्या थंडीत गेला. मिरजेहून त्याच्या भावाला येता येत नाही. काझी समंजस माणूस आहे. जे शब्द म्हणायचे ते मी म्हणेन, म्हणाला, पण वडिलांच्या खुर्चीवर घरचं कुणीतरी बसू दे. सनाला तिथे मी बसायला हवी आहे. मला ती खुर्ची रिकामी राहायला हवी आहे. यावरून आम्ही मायलेकी उन्हाळाभर भांडतो आहोत, म्हणजे ती भांडते आणि मी भांडी घासते.

यासीनच्या जागी कुणी नाही, असं मी तिला सांगून पाहिलं. ती म्हणाली, "आई, एम्प्टी चेअर बघून सगळे रडतील. माझ्या लग्नात मला ते नकोय." मला नेमकं तेच हवं होतं, पण तसं म्हणायचा धीर झाला नाही. आत्ताही ती पुढे रस्त्यावर गाडीत बसून केटररशी बोलत होती, आणि मी मागे एकटी जिन्याशी.

पहिल्यांदा इथे आले तेव्हा पानगळ सुरू झाली होती. नागपूरहून येऊन मला महिनाही झाला नव्हता. माझा विषय माती. दिवसभर डोंगरउतारावर खड्डे खणायचे, पिशव्यांत माती भरायची, आणि संध्याकाळी खोलीवर येऊन ब्रेडला लोणचं लावून खायचं. गावात भारतीय सामानाचं दुकान म्हणजे एका पेट्रोल पंपामागची खोली, आणि तिथली तूरडाळ वयाने माझ्याहून मोठी. मंदार म्हणाला, शुक्रवारी एका ठिकाणी आख्खा मसूर मिळतो, चल. या घराच्या कोपऱ्यावर वळलो आणि वास आला, कांदा-लसूण चटणी गरम तेलात पडल्याचा. मी आयुष्यात मिरज पाहिली नव्हती, पण त्या वासाने माझ्या डोळ्यांत पाणी आलं. ते तिखटामुळे आलं असं मी सगळ्यांना सांगितलं.

वर यासीनची एकच खोली आणि कोपऱ्यात ओटा, म्हणून सगळे जिन्यावर बसून जेवायचे. शुक्रवारची नमाज पढून आला की यासीन मसूर शिजत घालायचा. सगळ्यात वरच्या पायरीवर, दाराच्या चौकटीला पाठ लावून, एक पाय लांब करून तो बसायचा, कारण तिथून हात मागे नेला की पातेलं हाताला लागायचं. खालून रिकाम्या ताटल्या हातोहात वर जायच्या, वरून भरून खाली यायच्या. मी सगळ्यांत उशिरा आलेली, तरी जागा मिळाली ती त्याच्या लगेच खालची. तिथे एक खिळा वर आला होता म्हणून कुणी बसत नसे. पुढे तो खिळा यासीनने दगडाने ठोकून बसवला, पण पायरी माझीच राहिली.

तू काय शिकतोस, असं मी विचारलं. "खलिफा," तो म्हणाला. मला माहीत असलेला खलिफा लहानपणीच्या गोष्टींतला, बगदादचा, वेष पालटून गावात फिरणारा आणि भल्याबुऱ्याची पारख करणारा. मी तसं म्हटल्यावर खालच्या पायऱ्या हसल्या. यासीन हसला नाही. त्याला समजावून सांगायची खोड होती, आणि त्याच्या कुठल्याही सांगण्यात नमनालाच घडाभर तेल जायचं. मसूर गार होईपर्यंत तो सांगत राहिला. खलिफा म्हणजे नुसता राजा नव्हे, नुसता धर्मगुरूही नव्हे, आणि देवाचा दूत तर नव्हेच. दूत येऊन गेलेला. आता दुसरा येणार नाही, हे सगळ्यांना माहीत. मागे माणसं उरलीत, त्यांची भांडणं उरलीत. नमाजाला पुढे कुणी उभं राहायचं ते ठरायचंय, कर गोळा करायचाय, सरहद्दीवर काय चाललंय ते बघायचंय. मग त्यांच्यातलाच एकजण पुढे होतो, आणि बाकीचे त्याच्या हातात हात देतात.

"मागं राहिलेला असतो तो," यासीन म्हणाला. "मोठा माणूस गेल्यावर मागं राहिलेल्यांनी करायचं काय, एवढाच माझा विषय आहे बघ."

मी मातीतली बाई. मला वाटलं, एवढ्यासाठी सातासमुद्रापार कशाला यायचं? माणूस गेल्यावर काय करायचं ते आमच्या गल्लीतसुद्धा सगळ्यांना कळतं. ते किती खोटं होतं हे कळायला मागची थंडी यावी लागली.

त्या दिवसांना आठवायला बसले की काय काय वर येतं. शनिवारी फुटबॉलच्या सामन्याला स्टेडियमच्या बाजूने येणारा ढोलांचा आवाज, आणि त्या दिवशी गावातून चालायचं तर निळ्या-पांढऱ्या कपड्यांतल्या माणसांच्या पुरातून उलटं पोहायचं. विद्यापीठाच्या बसमधला ओल्या लोकरी टोप्यांचा वास. हिवाळ्यात जिन्यावर बर्फ साचायचा. तो वितळावा म्हणून यासीन भाजीत घातल्यासारखं चिमटीचिमटीने त्यावर मीठ टाकायचा, आणि घरमालकाने मूठमूठ टाकायला सांगितलं तरी ऐकायचा नाही. एप्रिलपर्यंत पायऱ्यांच्या खाचांत ते पांढरं मीठ दिसत राहायचं. वसंतात त्याच खाचांतून मुंग्या निघायच्या. ती लाकडं, ते मीठ, त्या मुंग्या, सगळं मला माझ्या प्रयोगशाळेतल्या मातीपेक्षा जास्त ओळखीचं होतं.

रमजानमध्ये संध्याकाळी जिन्यावर खजूर आणि पाण्याची बाटली घेऊन बसायचं. सूर्य निटनी डोंगराच्या उलट्या बाजूला, समोरच्या छपरांमागे जायचा. यासीन घड्याळ बघायचा नाही. समोरच्या घराच्या चिमणीवरचं ऊन विझलं की तो खजूर तोंडात टाकायचा. मी उपास करायचे नाही, पण त्याच्या समोर दिवसभर खायला मला लाज वाटायची, त्यामुळे उपास आपोआप घडायचा. नागपूरच्या आईला हे कळलं असतं तर तिने चतुर्थ्या मोजून दाखवल्या असत्या. ईदचा चंद्र आम्हाला कधीच दिसला नाही. वसतिगृहाच्या दिव्यांत तो हरवायचा, आणि मग मंदार फोन करून करून कुठल्यातरी दुसऱ्या राज्यात दिसल्याची खबर आणायचा.

मिंबरची गोष्ट त्याने अशाच एका संध्याकाळी सांगितली. मिंबर म्हणजे मशिदीत शुक्रवारी ज्याच्यावरून लोकांशी बोलतात तो जिन्यासारखा उंचवटा. पैगंबरांचा मिंबर अगदी साधा होता म्हणे, लाकडाचा, तीन पायऱ्यांचा. ते सगळ्यात वर बसत. ते गेले आणि त्यांचे सोबती अबू बकर खलिफा झाले. बोलायची वेळ आली तेव्हा वरच्या पायरीवर पाय ठेवायचं त्यांच्या जिवावर आलं. ते एक पायरी खाली थांबले. त्यांच्यानंतर उमर. अबू बकर जिथे उभे राहत तिथे आपण कसं उभं राहायचं, म्हणून ते आणखी एक पायरी खाली. त्यांच्यानंतर उस्मान. इथे यासीन थांबला आणि आमच्याकडे एकेकाकडे बघू लागला, वर्गात मास्तर बघतात तसं. खाली पायरीच उरली नव्हती.

"मग?" मी विचारलं.

"मग ते वर गेले. एकदम वर, पैगंबर बसायचे तिथं. लोक कुजबुजले. अजून कुजबुजतात."

मंदार म्हणाला, माज असेल. यासीनने नकारार्थी मान हलवली. पहिल्या दोघांना खाली उतरायला जागा तरी होती, तो म्हणाला. प्रत्येकजण एकेक पायरी उतरत गेला तर शेवटी माणूस जमिनीतच जायचा. "मला त्या तिसऱ्याचं कळतं," तो म्हणाला. "कधीतरी कुणाला तरी त्या जागी बसावंच लागतं गं." मग ताटलीतला शेवटचा मसूर बोटाने पुसून घेत त्याने सांगितलं की पुढच्या लोकांनी मिंबरला खालूनच पायऱ्या जोडल्या आणि तो उंच केला. आणखी पुढे खलिफा राजवाड्यांत राहायला गेले, दाराशी पहारे आले, आणि पायरीची लाज वाटणारं कुणी राहिलं नाही. प्रबंधात हाच भाग सगळ्यात मोठा होता. जिन्यावर मात्र तो भरभर उरकून टाकायचा, जसं काही नात्यातल्या कुणाचं तरी वाईट झालेलं सांगतोय.

एका हिवाळ्यात तो दिल्लीच्या नाण्यांत बुडाला. मंगोलांनी बगदाद घेतलं, तिथल्या खलिफाला मारलं, आणि तरीही दिल्लीचे सुलतान नाणी पाडत राहिले ती त्याच मेलेल्या खलिफाच्या नावाने, कित्येक वर्षं. मी म्हटलं, त्या काळी बातमी पोचायला वेळ लागत असेल. "बातमी पोचली होती की," तो म्हणाला. "दुसरं नाव काय घालायचं ते कुणाला सुचंना." बाहेर बर्फ पडत होता आणि खिडकीच्या फटीत त्याने जुने मोजे कोंबले होते. मला तेव्हा त्या सुलतानांचं हसू आलं.

दुसरी एक गोष्ट त्याच्या घरची होती, पणजोबांच्या काळची. त्यांच्या मशिदीत शुक्रवारच्या खुतब्यात, म्हणजे प्रवचनात, तुर्कस्तानच्या खलिफाचं नाव यायचं. मग तिकडे ते पदच मोडलं. शेवटच्या खलिफाला बायकामुलांसह आगगाडीत बसवून देशाबाहेर पाठवलं. तो चित्रं काढायचा म्हणे. मिरजेत नाव गाळलं गेलं, पण प्रवचन देणारे म्हातारे खतीब त्या जागेपाशी आले की थांबायचे. एक श्वास घ्यायचे आणि पुढे जायचे. ते गेल्यावर तरुण खतीब आले. त्यांना नाव ठाऊक नव्हतं, पण त्या जागी तेही थांबायचे, कारण थांबायचंच असतं असं त्यांना वाटायचं. यासीनचे अब्बा लहानपणी हे ऐकत आलेले. त्यांनाही पुष्कळ वर्षं वाटत होतं की खुतब्यात तिथे दम घ्यायची रीतच आहे.

लग्नाचं त्याने विचारलं नाही आणि मीही विचारलं नाही. एका उन्हाळ्यात मातीचे नमुने माझ्या पलंगाखालून निघून त्याच्या पलंगाखाली गेले, एवढंच. कोर्टात जाऊन सह्या करून आलो. मंदार साक्षीदार, आणि परत येताना त्यानेच आइस्क्रीम दिलं. माझ्या घरचे बराच काळ बोलले नाहीत. मिरजेहून त्याच्या आईने चटणीचा डबा पाठवला, नेहमीपेक्षा दुप्पट मोठा, पिशवीत पिशवी आणि तिच्यात पिशवी अशा बांधणीचा, तरी ज्याच्या सामानातून आला त्या बिचाऱ्याचे सगळे शर्ट लसणाचे झाले होते.

त्याचे अब्बा गेले तेव्हाही आम्ही इथेच होतो. फोन ठेवून तो बाहेर आला आणि जिन्यावर बसला, वरच्या पायरीवर नाही, माझ्या. मी कठड्याला धरून उभी राहिले. तिकडे घरात माणसं जमली होती आणि थोरला मुलगा म्हणून सगळे त्याला फोनवर विचारत होते, आता पुढे काय करायचं. "मला काय ठाऊक?" तो म्हणाला. "मी नुसता मागं राहिलोय." शेजारच्या अंगणात कुणीतरी यंत्राने गवत कापत होतं. अजून कापलेल्या गवताचा वास आला की मला ती दुपार आठवते.

मग जर्सी सिटी. उंच इमारत, लिफ्ट, खिडकीतून नदी. मला माती सोडून कॉम्प्युटरची नोकरी लागली. यासीन या कॉलेजात एक तास, त्या कॉलेजात दोन, अशी ट्रेन बदलत बदलत शिकवत राहिला. प्रबंध पुरा झाला, पुस्तक काही झालं नाही. शुक्रवारचा मसूर चालू होता, पण घरात जिना नव्हता. तो ओट्याजवळ स्टुलावर बसायचा आणि त्याचा हात सवयीने मागे जायचा, फ्रिजला लागायचा. सना शाळेतून आली की त्याचं खलिफापुराण सुरू व्हायचं. ती म्हणायची, "अब्बा, प्लीज, नॉट द कॅलिफ अगेन." पालथ्या घड्यावर पाणी, असं मी म्हणायचे. तो म्हणायचा, घडा कधीतरी सरळ होईल की, पाणी चालू ठेवायचं.

आता आमच्या इमारतीच्या दाराशी जो स्क्रीन आहे, ज्याच्यावर नाव दाबलं की घरात घंटी वाजते, त्यावर अजून त्याचंच नाव आहे. ऑफिसातल्या मुलीने विचारलं, चेंज करू का? मी म्हटलं, राहू दे. तिला वाटलं असेल, म्हातारीला अजून धक्का पचला नाही. धक्का पचलाय. दुसरं नाव काय घालायचं ते सुचत नाही. दिल्लीचे सुलतान काही मूर्ख नव्हते.

फ्रिजरमध्ये त्याच्या आईच्या हातच्या चटणीचा शेवटचा डबा आहे. तीही गेली. आता तशी चटणी कुणी पाठवणार नाही, आणि विकतची आणली तर घरभर नुसतं तिखट होतं. शुक्रवारी मी तो डबा बाहेर काढते, झाकण उघडते, वास घेते आणि परत ठेवते. दर वेळी वास थोडा कमी असतो. मसूर करत नाही. एकटीसाठी मसूर शिजवणं हा अन्नाचा अपमान आहे असं काहीतरी मी सनाला सांगितलंय, पण खरं कारण आळस आहे आणि दुःख आहे, आणि त्यांत जास्त काय आहे ते मला सांगता येत नाही.

आणि हल्ली मी थांबते. घरी कोण कोण असतं, असं डॉक्टरांकडे विचारलं की थांबते. मंदारने फोनवर "काय म्हणताय तुम्ही दोघं" अशी जुन्या सवयीने सुरुवात केली की आम्ही दोघंही थांबतो. या उन्हाळ्यात लक्षात आलं की सनाही थांबायला लागलीय. निमंत्रणाचा मजकूर मला वाचून दाखवताना आईवडिलांच्या नावाशी आली आणि तिने श्वास घेतला, मग पुढचं वाचलं. तिला बिचारीला वाटत असेल, घरात अशीच रीत आहे. त्या तरुण खतीबांची मला आठवण झाली आणि मी उठून नळ सुरू केला.

मागे पावलं वाजली. सना घराला वळसा घालून आली, फोन खिशात टाकत. "आई, हा सेफ आहे का?" म्हणून तिने कठडा हलवून पाहिला, आणि मी काही बोलायच्या आत भराभर चढून गेली. एकेक पायरी गाळून चढायची ही यासीनची चाल. वर पोचली, फळ्या ठोकलेल्या दाराकडे पाहिलं, वळली आणि बसली. सगळ्यात वर. चौकटीला पाठ, एक पाय लांब, आणि हात मागे टेकलेला, पातेलं असायचं त्या जागी.

ऊठ तिथून, हे शब्द अगदी जिभेवर आले होते. इथे राहिले तितक्या वर्षांत मी त्या पायरीवर कधी बसले नव्हते. तो मिरजेला गेलेला असायचा तेव्हासुद्धा नाही. मिंबरची गोष्ट त्याने सनाला सांगितली नव्हती, की सांगितली तेव्हा तिच्या कानांत इअरबड्स होते, देव जाणे. तिच्या मनात काहीही नव्हतं. पहाटेपासून गाडी चालवून ती दमली होती आणि वर जागा दिसली म्हणून बसली होती. मला तिचा राग आला, पोटच्या पोरीचा येऊ नये तेवढा आला.

"ये ना," ती म्हणाली.

मी चढले. गुडघे पूर्वीचे राहिले नाहीत. कठडा धरत, थांबत थांबत माझ्या पायरीपर्यंत आले आणि बसले. हात टेकला तिथे खिळ्याचं डोकं लागलं, गंजलेलं, लाकडात खोल गेलेलं. समोरच्या घराची चिमणी होती, पण घर दुसऱ्याच रंगाचं झालं होतं. लांब कुठेतरी बँडचा सराव चालला होता आणि नुसते ढोल ऐकू येत होते. सनाने खुर्चीचं विचारलं नाही. ती म्हणाली, "अब्बा कुठे बसायचे?"

मला कुठलीही पायरी दाखवता आली असती. तिला कधीच कळलं नसतं. घर तर या महिन्यात जाणारच होतं, आणि मग खरी पायरी मंदारलाही दाखवता आली नसती. मी मान वळवून तिच्याकडे पाहिलं.

"तिथेच," मी म्हटलं. "तू बसलीस ना, तिथे."

ती चटकन उठायला लागली. "ओ गॉड, आई. आय डिडन्ट नो." लहानपणी हातून काही फुटलं की तिचा चेहरा असाच व्हायचा, आधी वस्तूकडे बघायची, मग माझ्याकडे. आता तशीच ती पायरीकडे बघत होती. मी हात वर करून तिचा घोटा धरला.

"बस," मी म्हटलं. "बस तिथेच."

ती हळूच परत टेकली. पायरी कुरकुरली. घोटा मी सोडला नाही. त्याच्यासारखाच हाडकुळा, मोज्याबाहेर आलेला. माझ्या खालची पायरी मंदारची, त्याच्या खालच्या कुणाकुणाच्या, ती पोरं कुठल्या कुठल्या गावांत पांगलेली. खाली शेवटची पायरी गवतात बुडाली होती. तिच्यापुढे माती होती, आणि तिचा रंग पाहून ती कुठल्या जातीची हे मी अजूनही सांगू शकले असते.

"लग्नात ती खुर्ची ठेवायला सांग," मी म्हटलं. "मी बसेन."

"आर यू शुअर?"

मी मान डोलावली. ती वरून वाकली, तिचं कपाळ माझ्या डोक्यावर टेकलं आणि ती रडायला लागली, मोठ्याने, मागच्या थंडीत रडली नव्हती तशी. तेव्हा सगळं तिनेच निस्तरलं होतं. फोन, गाड्या, कबरस्तान, आलेल्यांचं चहापाणी. पुढे झाली होती, कुणी सांगितलं नव्हतं तरी. मला तिला थोपटायला हवं होतं. मी थोपटलंही असेन.

माझे डोळे कोरडे होते. मी त्या पायरीकडे बघत होते. त्याला मातीत ठेवून परत आलो त्या दिवशी, चाळीसाव्या दिवशी, ईदला, दर शुक्रवारी, मला वाटत आलं होतं की तो जागेवर नाही एवढंच. जागा होती. कुठेतरी, या गावात, या घरामागे, दाराच्या चौकटीशी ती होती, आणि ती आहे तोवर तो उठून आत गेलाय, पातेलं आणायला, असं मानता येत होतं. आता तिथे त्याची मुलगी बसली होती. यासीन गेला, हे मला तेव्हा कळलं.